कृष्णामाईची साडी, मामांचं इंजिन

कृष्णामाईची ओटी भरून साडी पाण्यात सोडली, की ती पुढे कुठे जाते, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का? मला ते ठाऊक आहे, आणि जयवंतमामा गेल्यापासून त्याची भीती जास्तच वाटते.

दीड महिन्यापूर्वी साताऱ्यात मी दुपारचा डबा उघडत होते, तेव्हा मामेभाऊ सागरचा फोन आला. "ताई, आबा गेलं... जेवून जरा टेकलं, ते उठलंच न्हाईत." मामा मूळचे कुंडलचे. तिथे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे, पुढे सांगलीच्या घाटावर सहलीची मोटारबोट चालवू लागले. इंजिनाचा आवाज जरा बदलला की बोलता बोलता थांबत, मान तिरकी करत. "आधी ऐकायचं, मग हात लावायचा," एवढंच त्यांचं शास्त्र. नदीत काही टाकू नका, अशी पत्रकं मी वाटायचे, तर म्हणायचे, "आल्या पत्रकवाल्या बाई! ह्यातलं एक इंजिनाला पण वाचून दाखव गं, लय रुसतंय."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीला नवं पाणी आलं होतं, पूर नव्हता. बोटीत वडूजहून आलेलं चौघांचं कुटुंब आणि मी. परतताना, पुलाच्या वरच्या अंगाला, बोट अचानक जड झाली. मामा ताकद वाढवत होते, इंजिन घरघरत होतं, पण बोट पुढे सरकेना. उलट पाणीच आम्हाला पुलाच्या खांबांकडे ओढू लागलं. मामांनी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. "टणक हाय. पेट्रोल येतंय." मागे वाकून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार पाहिली. "गार पण हाय." क्षणभर ऐकलं... आणि इंजिन बंदच केलं. त्या शांततेत खांबांवर आपटणारं पाणी ऐकू आलं. वडूजची बाई मुलीला छातीशी घट्ट धरून बसली होती.

"मामा, बंद कशाला केलं?"

"मग काय फिरत्या पंख्यात हात घालू व्हय? तू नांगर सोड आधी!"

नांगर सोडला, पण तो गाळात धरेना, घसरतच राहिला. मामांनी इंजिन वर उचललं. त्याच्या पाण्यातल्या पंख्याला हिरवी साडी करकचून गुंडाळली होती, पदराच्या गाठीत हळकुंड आणि सुपारी. ती गाठ पाहून मामा थबकले. मग सुरीने भराभर कापू लागले. खांब दहा हातांवर असताना इंजिन पुन्हा सुरू झालं...

घाटावर सगळे उतरल्यावर ती गाठ त्यांनी माझ्यापुढे धरली. "ही तुझ्या मामीची, मालनची हाय. तिची गाठ मी वळखतो. मला नीट ठेव म्हणून दर साली सोडती. तिला बोलू नगंस, जिवाला लावून घेईल."

मी बोलले नाही. गावभर पत्रकं वाटणारी मी, स्वतःच्या मामीपुढे गप्प बसले.

गेल्या आठवड्यात मालनमामी म्हणाली, "आता बोट सागरकडं हाय. त्याला नीट ठेव म्हणून औंदा सुनंच्या हातनं दोन साड्या सोडायच्या." नवरा गेला म्हणून बाईने ओटी भरू नये, हेही मला मान्य नाही. पण त्या क्षणी मला फक्त त्या दोन साड्या दिसल्या. सागरला अजून मामांसारखं इंजिन ऐकता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

मामी गवार मोडत होती. मोडलेल्या आणि न मोडलेल्या शेंगा एकत्र झाल्या, तरी हात थांबेनात. "म्हंजे मीच त्यास्नी..."

"मामा रागावले नव्हते, मामी."

"ते रागवायचं न्हाईत, मला म्हाईत हाय. म्हणून तर भ्या वाटतंय. अशा किती साड्या त्यांनी गुपचूप कापल्या आसतील?" शेंगा बाजूला सारून म्हणाली, "लिही. माझं नाव घालून लिही. तुझ्या पत्रकानं बायका ऐकायच्या न्हाईत."

म्हणून मालनमामीच्या नावाने मागते. नदीची ओटी जरूर भरा. साडी पाण्याला टेकवा आणि घाटावरच्या एखाद्या बाईला नेसायला द्या. पाण्यात सोडू नका. नवं पाणी येतंय, आणि सागर रोज बोट काढतो.