त्या गुरुवारी पुढं आलेला हात

वरवट बकालच्या एका मावशींचं नाव मला इथं लिहायचं होतं. पण त्या म्हणाल्या, नाव नको. म्हणून एवढंच सांगतो की शेगावात मी आजही बांगड्या भरतोय तो त्यांच्यामुळं. काय झालं ते पुढं येईल. हे आधी लिहून टाकलं म्हणजे मध्येच माझा धीर सुटला तरी एवढं तरी कागदावर राहील.

मी इथला नव्हे. कोल्हापूरच्या पलीकडं, घाटाच्या कडेला माझं गाव. आठवीतनं शाळा सोडली आणि मामांकडं बांगड्या भरायला शिकलो. ते एकच मला येतं. शेगावात देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत मालकांचं बांगड्यांचं दुकान आहे, तिथं मला सात वर्षं झाली. बायका येतात, पाटावर बसतात आणि अनोळखी माणसाच्या हातात हात देतात. मी त्यांचा अंगठा आत दुमडतो, पेरं दाबून मऊ करतो आणि काच पुढं सरकवतो. भरताना फुटली तर ती कासाराची, मनगटावर चढल्यावर फुटली तर घालणारीची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं असं मी धरून चालायचो.

भांडण त्यावरूनच झालं. बाहेरगावचं एक कुटुंब दर्शनाला आलं होतं. त्यांच्यातल्या एका तरुण बाईंना मी डझनभर बांगड्या भरल्या. उठताना त्यांचा हात दाराच्या लोखंडी चौकटीवर आपटला. चार बांगड्या फुटल्या आणि एक काच मनगटात रुतली. त्यांचा दीर म्हणाला, मालच कच्चा आहे, सगळ्या बदलून द्या. मी म्हटलं, आधी काच काढू द्या. मनगट घट्ट धरून, कातडी दाबून मी ती वर आणत होतो. त्या कळवळल्या. दिराला वाटलं मी हात पिरगाळतोय. का तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे. त्यानं पाट उचलून माझ्या खांद्यावर मारला. मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो काचेच्या कपाटावर गेला, कपाट फुटलं आणि त्याच्या कोपरातनं रक्त यायला लागलं.

मी ढकललं हे खरं आहे. पाट आधी बसला म्हणून ते खोटं होत नाही. ढकलताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

त्याला टाके पडले. पोलीस ठाण्यात दोघांकडूनही माफी लिहून घेतली आणि ते लोक त्यांच्या गावी गेले. मला वाटलं, मिटलं.

संध्याकाळी व्हिडिओ आला. गल्लीतनंच कुणीतरी काढलेला. तो सुरूच होत होता माझ्या मुठीत त्या बाईंचं मनगट आहे तिथून, आणि संपत होता कपाट फुटतं तिथं. मधला पाटाचा मार कुणीतरी कापून काढला होता. वर लिहिलं होतं, दर्शनाला आलेल्या महिलेचा हात धरला, जाब विचारणाऱ्याला मारलं.

फोन हातातनं सुटेना. खाली लिहिणारे वाढतच होते. हात तोडा म्हणणारे होते, दुकान फोडा म्हणणारे होते, हा इकडचा नाही हे माझ्या दोन शब्दांवरून ओळखणारे होते. माझ्या बाजूचे जास्त टोचले. भावानं बरोबर धडा शिकवला, असं लिहून त्यांनी हसरे चेहरे टाकले होते. एकानं तर कपाट फुटतं त्या जागी ढोलकी बसवली होती. स्टेशनजवळच्या टपरीवर मी चहा पीत उभा होतो, तर शेजारचे दोघं तेच बघत होते. एक म्हणाला, "पाह्य बे, कसा गेला कपाटात." मग त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं. मी अर्धा चहा ठेवून निघालो.

गावाकडनं बहिणीचा फोन आला. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "दादा, तू त्या बाईचा हात सोडत का नव्हतास?" मी काचेचं सांगितलं. ती म्हणाली, त्यात काच दिसत नाही.

दुकानात कुणी मला काही बोललं नाही. बायका येत, रंग निवडत आणि म्हणत, तशाच बांधून द्या, घरी भरतो. हात पदराखाली. मालक चांगला माणूस, दोन दिवस त्यांनीही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू वाईट नाही रे. पण तुले कोणी हातच देऊन नाही राह्यलं, तर तुले इथं बसवून मी काय करू?" गुरुवारपर्यंत बघू म्हणाले, कारण गुरुवारी गर्दी असते. त्या दिवशीही कुणी हात दिला नाही तर मी गावी जायचं, असं ठरलं. गावी जाऊन काय करायचं, ते मला सुचत नव्हतं. मामांचं दुकान कधीच बंद पडलं होतं.

गुरुवारी सकाळपासनं सगळ्याजणी कागदात बांधलेल्या बांगड्या घेऊन गेल्या. गल्लीत दोघं-तिघं उगाच उभे होते, फोन छातीशी धरून. मी बरण्या पुसत होतो, पुसलेल्याच परत पुसत होतो.

तेवढ्यात वरवट बकालच्या त्या मावशी आल्या. भाचीचं लग्न होतं, बरोबर भाची धरून चार जणी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा चुडा मी भरला होता, तेवढीच आमची ओळख. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. त्या दुकानात पाय ठेवू नको, असं मुलानं बजावलंही होतं. हे सगळं त्यांनी पाटावर बसता बसता सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. आणि उजवा हात पुढं केला.

त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "काकू, तिकडं फोन धरला पाहा त्यानं."

मावशींनी वळून बघितलं. समोर उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "काढ बाप्पा, काढ. पण पुरा काढजो. मधातून तोडू नोको."

तो ओशाळला, पण फोन काही खाली केला नाही.

पेरं नीट न दाबताच मी काच सरकवली. पहिलीच बांगडी पेरावर फुटली. मला वाटलं, संपलं, आता हेही फिरणार. मावशींनी हात मागं घेतला नाही.

"भरतानी फुटली ते तुही, कासाराची," त्या म्हणाल्या. "दुसरी घे."

बरोबरच्या बायका हसल्या, आणि माझी बोटं जरा ताळ्यावर आली. बारा भरून झाल्यावर मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि बांगड्या भरल्यावर कासाराला करतात तसा वाकून नमस्कार केला. माझ्या आईच्या वयाच्या बाई. मी मागं सरकलो, बरण्यांना धक्का लागला. त्या उठल्या आणि भाचीला म्हणाल्या, बस. तिच्यामागनं बाकीच्या बसल्या, आणि मग कुठल्या तरी दुसऱ्याच गावच्या एक बाई, ज्या मघापासनं नुसत्या बघत उभ्या होत्या. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. गावी जायचं त्यांनी परत काढलं नाही.

त्या माणसानं काढलेला व्हिडिओ मी पुष्कळ शोधला. तो कुठंच फिरला नाही. जुना मात्र फिरतोच आहे, मध्यंतरी भलत्याच गावाचं नाव लावून आला होता. अजूनही समोर कुणी फोन वर उचलला की माझी बोटं जागच्या जागी थांबतात. आणि त्या तरुण बाईंच्या मनगटातली काच पुरती निघाली का, हे मला आजही माहीत नाही. ठाण्यात विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

मावशींचा एकच हात त्या दिवशी भरला गेला. डावा अंगठा दुमडेना. त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतर बैलगाडीवरून पडून मोडला होता, तो वाकडाच जुळला. दुकानातलं सगळ्यात मोठं माप त्यावरून गेलं नाही. त्या हातात त्या नुसतं पेचानं उघडणारं कडं घालतात. राहू दे, म्हणाल्या, इतके वर्षं राह्यलंच ना. मी तीन व्यापाऱ्यांकडं विचारलं. एवढ्या मापात प्लास्टिकच्या मिळतात, काचेच्या मिळत नाहीत, असं तिघंही म्हणतात. मी विचारायचं सोडलेलं नाही. काचेच्या मिळतील त्या दिवशी दुकानातनं सुट्टी घेऊन वरवट बकालला जाईन आणि त्यांच्या ओसरीत बसून तो डावा हात भरून देईन.