लूत आणि आक्कांचा उपास

लग्न होऊन मी निपाणीजवळच्या गावी आले, तेव्हा घराचा कारभार माझ्या थोरल्या नणंदेकडे होता. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. घर जैनांचं. आक्का पाणी दुपदरी फडक्यातून गाळत आणि फडक्यात राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडत.

तिसऱ्या वर्षी मळ्यातल्या कुत्रीला लूत लागली. आधी कानांच्या कडा आणि कोपरं उघडी पडली, मग पोटाखाली लाल पुरळ आणि खपल्या. खाजवून खाजवून ती रक्त काढी. शेजारच्या मळेकऱ्यानं तंबाखू उकळून ते पाणी चोळायला सांगितलं. आम्ही चोळलं. तिनं ते चाटलं आणि तोंडाला फेस येऊन थरथरायला लागली. वाचली, एवढंच. त्याच सुमारास माझ्याही मनगटांना खाज सुटली.

"निपाणीला गुरांचा डाक्टर हाय म्हनं. गाडी जुपायला सांग," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी कुत्रीच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. "लूतच," ते म्हणाले. मग पात्यानं कातडी खरवडून थोडी खपली काचेवर घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"कशानं हुतं ह्ये?" आक्कांनी विचारलं.

"किड्यांनी. कातडीत बिळं करून राहतात, तिथंच अंडी घालतात. बघा."

आक्कांनी डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्याच नाहीत.

"पाय हायेत की हो त्याला."

"आठ," डॉक्टर म्हणाले. केस कापून करंजाच्या तेलात कालवलेलं गंधक लावा, अंडी फुटतात म्हणून दर आठवड्याला पुन्हा लावा, ती निजते ते पोतं जाळा. कुत्री बरी झाली की माझी खाजही जाईल, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तेलाची वाटी उचलली. "आक्का, मी लावते. तुम्ही आत जा."

"न्हाय. त्यो जीव मी बघितलाय, तू न्हाईस. माज्या हातनं हुं दे."

पोतं मात्र मी जाळलं. आक्कांनी तेल लावलं, आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. असं चार वेळा झालं. पुढं डॉक्टरांना काचेवर काही सापडलं नाही. कुत्रीच्या पाठीवर बारीक केस आले. माझी मनगटंही साफ झाली.

एकदा भाकरी थापताना मी विचारलं, "आक्का, आपल्या हातून पाप झालं का?"

"झालंच की. पर ती कुत्री इवळायची, त्ये ऐकू येत हुतं गं."

कुत्री आणखी पाच-सहा वर्षं मळ्यात होती. लूत पुन्हा लागली नाही. कानांच्या कडांवर मात्र केस कधी नीट आले नाहीत.