वायर तबकात होती

खरं सांगू? या पानावरचे अनुभव मी आजवर दुपारच्या चहासोबत टाइमपास म्हणून वाचले. पिंपळावरची बाई, लिफ्टमधला माणूस… वाचायचं, हसायचं, नवऱ्याला फॉरवर्ड करायचं. माझं कामच तसं आहे. कांदिवलीला चारकोपमध्ये घरी बसून मी लोकांचे सर्व्हर सांभाळते. "मॅडम, मशीनला काहीतरी झालंय" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला — प्लग लावलाय का? समोरचा चिडतो. मग खाली वाकून बघतो, आणि हळूच "हां… निघाला होता." गूढ म्हणून जे काही असतं, ते माझ्या अनुभवात एवढंच असतं.

असायचं, म्हणू या. गेल्या खंडेनवमीनंतर मी तसं छातीठोकपणे बोलत नाही.

माझं माहेर गोराईचं. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडली की पलीकडे आमचा कोळीवाडा. बाबा तांडेल होते, आता धाकटा भाऊ प्रकाश बोट चालवतो. गावातल्या मच्छीमार सोसायटीने बोटींवर ट्रॅकर बसवलेत. सोसायटीच्या गच्चीवर अँटेना आहे, तो बोटींचे सिग्नल पकडतो आणि बर्फाच्या गोदामाशेजारच्या खोलीतल्या सर्व्हरकडे पाठवतो. कुठली बोट कुठे आहे ते तिथल्या नकाशावर दिसतं. तो सर्व्हर मीच बसवलाय. माहेरचं काम, नाही कसं म्हणणार?

पण प्रत्येक वेळी मशीन अडली की फेरी बोट पकडून पळायचं हे मला परवडेना. म्हणून मी त्याचं रिमोट मॅनेजमेंट चालू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटी वेगळी चिप असते. तिचं नेटवर्कचं भोक वेगळं, पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा. मशीन बंद पडली तरी ही चिप जागी असते. तिच्या पेजवर जाऊन मी घरबसल्या मशीन चालू करू शकते, तिची स्क्रीन बघू शकते.

सुरुवातीला तिने मला रडवलं. घरून पेज उघडेचना. शेवटी गोराईला जाऊन बघितलं तर चिप तिची स्वतःची वायर सोडून सर्व्हरच्या साध्या पोर्टवर जाऊन बसलेली. सेटिंग बदललं, पुन्हा सुरू केलं, झकास चालायला लागली. सोसायटीचं ऑफिस बघणारे भानूकाका तेव्हा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते.

"म्हंजे मशीन झोपली तरी ही जागी?" त्यांनी विचारलं.

"हो काका. फक्त पॉवरची वायर भिंतीत पाहिजे. वायर काढली की हिचाही खेळ खलास."

काकांनी मान डोलावली. माझं हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

खंडेनवमीच्या दुपारी आईचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं, काहीतरी वाईट आहे. सणासाठी सगळ्या बोटी आदल्या दिवशीच परतल्या होत्या. प्रकाशची तेवढी मागे राहिलेली, ती सकाळी पोचायची होती. पोचली नाही. आणि दुपारी अचानक वारा सुटला, आभाळ काळं झालं. जेट्टीवरची फेरी बंद केली होती. प्रकाशचा फोन लागत नव्हता.

"वैशे, तुझ्या त्या मशीनमधी दिसतो का गो माझा पोर?" आई म्हणाली. आई रडत नव्हती… त्याचीच मला जास्त भीती वाटली.

लॅपटॉप उघडला. सोसायटीचा राउटर उत्तर देत होता, कारण तो गोदामाच्या कॅमेऱ्यांसोबत वेगळ्या इन्व्हर्टरवर आहे. सर्व्हर मात्र गप्प. ठीक आहे, हँग झाला असेल. चिपचं पेज टाकलं. नुसतं गोल गोल फिरत राहिलं आणि मग पांढरी स्क्रीन. परत टाकलं. परत तेच. वाटलं, गेल्या वेळेसारखी ही दुसऱ्या पोर्टवर जाऊन बसली असेल, म्हणून तिकडूनही बघितलं. काही नाही. सर्व्हरही गप्प, चिपही गप्प, याचा अर्थ माझ्यासारखीला शिकवावा लागत नाही. आईला विचारलं, गावात वीज होती; म्हणजे वायर भिंतीत नव्हती.

भानूकाकांना फोन लावला, बंद. आई म्हणाली ते सकाळीच भाईंदरला लेकीकडे गेलेत, ऑफिसची किल्ली त्यांच्याच खिशात. ऑफिसला लोखंडी दार, त्याला हे एवढं कुलूप.

"मग फोडा कुलूप!" मी ओरडले.

"माणसं गेलीत गो हातोडा आणायला."

तेवढ्यात तिकडे जेट्टीवर आईच्या हातातून दिनेशने फोन घेतला. दिनेश प्रकाशचा लहानपणापासूनचा दोस्त, गावातली सगळ्यात दणकट बोट त्याची.

"वैशे, जागा सांग. इंजिन चालू करून बसलोय मी. नुसतं बाहेर जाऊन काय करू? समुद्र काय ग्राउंड हाय, नजर टाकली की दिसला?"

"थांब ना रे, बघतेय!"

"थांबायला टाइम नाय. वारा उत्तनच्या खडकांकडं ढकलतोय. इंजिन बंद पडलं असंल ना त्याचं, तर तो तिकडंच जाणार."

देवाचं नाव घेतलं असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, मी शिव्या घातल्या. चिपला, स्वतःला, प्रकाशला. "पक्या, मेल्या, दिस ना!" असं मोठ्याने म्हणत मी परत रिफ्रेश मारलं.

आणि लॉगिनचं पेज आलं.

एकदम साधं. नेहमीसारखं. पासवर्ड टाकला, आत गेले. पॉवर — ऑफ. मी 'पॉवर ऑन' दाबलं. पंख्यांचे आकडे शून्यावरून भराभर वर चढले. त्याच पेजवर खाली पॉवर सप्लायच्या दोन ओळी असतात. दोन्हींपुढे लाल खूण होती : इनपुट नाही. म्हणजे वीजच येत नाही. मी मनात म्हटलं, सेन्सर गंडलाय. अशा चिप्स कधीकधी काहीच्या काही दाखवतात. त्या क्षणी कोण विचार करत बसणार? मशीन चालू होत होती, मला तेवढं पुरे होतं.

स्क्रीन काळी, मग कंपनीचा लोगो, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. नकाशा उघडला. खाडीत नांगरलेल्या बोटींचे ठिपके एकेक करून आले. प्रकाशचा नाही. फोनवर दिनेश, मागे वाऱ्याचा घोंघाट आणि आईचा "दिसला? दिसला?" मी नकाशा सरकवत राहिले.

मग खूप खाली डावीकडे एक ठिपका उमटला. नावावर बोट ठेवून वाचलं. आमचीच बोट. खडकांच्या दिशेने सरकत होती.

मी अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचले, दिनेशने ते मोठ्याने परत म्हटले आणि आईचा फोन घेऊनच बोट सोडली. सिग्नलची रेंज होती तोवर मी फोनवर त्याला नवीन आकडे देत राहिले. "उजवीकडं घे… अजून… अजून बाहेर…" शेवटी त्याचा तुटक आवाज आला, "दिसला रे दिसला! उभा हाय!" आणि फोन कटला.

मी स्क्रीनकडे बघितलं. पेज गेलं होतं. पांढरी स्क्रीन. त्यानंतर कितीही रिफ्रेश केलं तरी ते उघडलं नाही. मला पर्वा नव्हती, मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होते.

संध्याकाळी वारा पडला, फेरी चालू झाली, मी धावत माहेरी. प्रकाश घोंगडी गुंडाळून चहा पीत होता. मी आधी त्याला एक सणसणीत ठेवून दिली, मग मिठी मारली. इंजिन सकाळीच बंद पडलं होतं. भानूकाकाही भाईंदरहून परतले होते, ओशाळल्यासारखे कोपऱ्यात उभे.

"काका, तुमच्या मशीनने वाचवला आज याला," मी म्हटलं.

काका कोपऱ्यातून पुढे आले. "कुठली मशीन गो? मशीन तर सकाळीच बंद करून पूजेला मांडली. आज खंडेनवमी ना. हत्याराला आज हात नाय लावायचा. प्रकाश पोचेलच म्हटलं… तू म्हणालेलीस ना, एक चिप जागीच राहते, वायर काढली की झोपते? म्हटलं तिलाही सणाची सुट्टी, म्हणून वायरी पण काढल्या."

मी हसले. मग हसू थांबलं. "मुलांनी कुलूप फोडून लावल्या असतील परत."

"कुलूप कुठं तुटलं?" आई म्हणाली. "दिनेश निघाला तशी सगळी जेट्टीवर धावली."

काका, प्रकाश आणि मी ऑफिसला गेलो. कुलूप शाबूत. काकांनी किल्ली लावली. आत उदबत्तीचा वास. टेबलावर सर्व्हर, त्यावर हळदीकुंकू, भोवती झेंडूची जाड माळ पुढून मागेपर्यंत गुंडाळलेली. आणि समोर तांब्याच्या तबकात, अक्षता आणि सुपारीच्या शेजारी, दोन्ही पॉवरच्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या. त्यांनाही कुंकू लावलेलं. भिंतीतलं सॉकेट रिकामं.

मी खूप मित्रांना विचारलं. एक म्हणाला कपॅसिटरमध्ये करंट उरतो. उरतो, काही सेकंद. दुसरा म्हणाला जुनं पेज ब्राउझरमध्ये साठलेलं असेल. मग त्यात प्रकाशची बोट कशी सरकत होती? दसऱ्याला पूजा उतरवल्यावर वायर लावून चिपची नोंदही बघितली. सकाळी वीज गेली, दुसऱ्या दिवशी आली. मधे काही नाही.

आणि एक गोष्ट मी मित्रांना सांगितलेली नाही. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. त्या संध्याकाळी मी माळेवरून हात फिरवला होता. पुढची फुलं ताजी, गार, थोडी ओलसर होती. मागची, पंख्यांसमोरची, पार वाळून गेली होती. हात लावला तर पाकळ्या चुरा होऊन खाली पडल्या. काकांनी तो चुरा जमिनीवरून उचलला आणि अंगाऱ्यासारखा प्रकाशच्या कपाळाला लावला.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. असेल तर कळवा, टिंगल केलीत तरी चालेल, मीही करायचे. आजही कोणाची मशीन बंद पडली की मी पहिला प्रश्न तोच विचारते, प्लग लावलाय का? फक्त हल्ली समोरून "नाही" आलं, तरी फोन ठेवण्याआधी एकदा चिपचं पेज उघडून बघते.