काडेपेटीबाई

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की रानं पेटल्यामुळे शाळा बंद आहे आणि आकाश नारिंगी दिसतं. मग विचारलंत, "आजी, तुमच्याकडे वणवे कोण लावायचं?" फोनवर उत्तर देणं जमलं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे वणवा लावणारी बाई रोज सकाळी माझ्याच घरी भांडी घासायला यायची.

कुरखेड्याच्या बाजूला तुमचे आजोबा रेंजर होते तेव्हाची ही गोष्ट. मैनाबाईच्या कनवटीला कायम काडेपेटी असे, म्हणून तुमची आई तिला काडेपेटीबाई म्हणायची. माझं अंगण ती असं झाडायची की पान दिसायचं नाही. मार्च लागला की फुलं वेचता यावीत म्हणून स्वतःच्या मोहाच्या झाडांखालचा पाचोळा मात्र सरळ पेटवून द्यायची.

"तिथेही झाडू घे ना," मी म्हणे.

"तुमच्या आंगनात दोन झाडं, बाई. माह्या मोहाखाली सारं जंगल झडते, कोन झाडन? पाचोळ्यात फूल दिसत नाई."

"मग विझवून तरी येत जा."

"विझते आपोआप."

तिच्याशी वाद घालणं व्यर्थ होतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं हिवाळ्यातच गवताचे पट्टे जाळून ठेवी. त्यावरही तिचा टोमणा तयार असे. "सायेबानं जाळलं तं सरकारी काम, आमी जाळलं तं गुन्हा. काऊन?"

एका मार्चात तिने लावलेली आग आपोआप विझली नाही. दुपारच्या वाऱ्याने टेकडी पेटली. आजोबा आणि मजूर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत राहिले. पाण्याचा टँकर आला तो संध्याकाळी, आणि तोही टेकडीच्या पायथ्याशीच रुतला. तिच्या सगळ्यांत मोठ्या मोहाच्या ढोलीत आग शिरली होती. त्या एका झाडावर तिच्या घराचा अर्धा उन्हाळा निघायचा. दोन दिवस ती घागरीने ढोलीत पाणी ओतत होती.

खात्याने काय केलं? 'वणवा लावणे गुन्हा आहे' अशी पत्र्याची पाटी आणून त्याच झाडाला ठोकली. गावात वाचणारे मोजकेच.

मैनाबाई थेट आजोबांपुढे उभी राहिली. "जाळलं मी, खिळे ठोकले तुमी. झाडानं काय केलं होतं, सायेब?"

आजोबांनी पाटी काढायला लावली. तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाकली.

पुढच्या वर्षी ती त्या मोहाखाली झाडू मारताना दिसली. मला धन्य वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या झाडांखालून धूर निघाला.

"मैनाबाई!"

"याले लागलं हाय, म्हून झाडून राह्यली. बाकीच्यायले काय झालं?"

आमची बदली झाली तेव्हा तिने मोहफुलांचं गाठोडं आणून दिलं. मी म्हटलं, त्यापेक्षा काडेपेटी दे. "मंग चूल कायनं पेटवू?" म्हणाली, आणि डोळे पुसत निघून गेली.

ती जाऊनही आता काही वर्षं झाली. गावात अजून मोहाखाली पाचोळा पेटवतात. तो जळका मोह एका अंगाने फुलतो, आणि त्याच्याखाली तिची सून झाडते.