हरभऱ्याची आंब

पौषातलं धुकं वडवणीच्या शिवारावर बूड टेकून बसलेलं. आसाराम गवंडी उजाडायच्या आत हरभऱ्यात शिरला. जुनं धोतर पिकावरून ओढायचं, दवानं भिजलं की गाडग्यात पिळायचं. ही हरभऱ्याची आंब. जीभ लावली तर आंबटपणानं डोळे मिटतात. धोतराला तर तिनं भोकंच पाडलेली. लोक ती पोटदुखीला जपतात, आसाराम गचाला. गच म्हणजे शिरगोळ्याचा दगड भाजून केलेली पांढरी पूड, पाण्यात कालवली की भलती घायकुतीची. पाकळी कोरावी तवर दगड. आंब जराशी पडली की मग दमानं घेते.

काम सुंदरराव देशमुखांच्या बैठकीतलं, छतावर कमळ काढायचं. परवा लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. देशमुखांनी बजावलं होतं, "उद्यापोतर कमळ दिसलं न्हाई, तर आष्टीच्या त्रिंबक गवंड्याला सांगावा धाडीन."

गाडगं बैठकीतल्या कोनाड्यात ठेवून आसाराम चढायची परांची आवळायला गेला. परत येऊन त्यानं गाडग्यातलं थोडं वतून गच कालवला, छताला लावला, तर हात फिरायच्या आत घट्ट! पाकळीची जाड भाकर झाली. खरवडला, गाडग्यातलं आणखी वतून पुन्हा कालवला. पुन्हा तेच.

"काहून रं," खालून देशमुख गरजले, "कमळ हाय का गवरी?"

आसारामनं गाडग्यात बोट बुडवून चाखलं. निव्वळ आडाचं पाणी.

"मालक, आंब कुठं गेली?"

देशमुख छताकडं बघायला लागले. दाराआडून वच्छलाबाई, त्यांची बायको, पदरात हसली. "रातच्याला हुरडा लई झालता. सकाळपून पोट धरून बसलते. घटाघटा पिले, अन् वर पाणी भरून ठिवलं."

"आता पोट कसं हाय, मालक?"

"मोकळं झालं," देशमुख पुटपुटले.

"तुमचं मोकळं झालं, माझं कमळ आवळलं! बोलवा त्रिंबकला. त्याला बी आंब लागंलच की."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना हरभऱ्यात दोघं होते. धोतराचं एक टोक आसारामकडं, दुसरं देशमुखांकडं.

"बोटं चरचरायलीत की रं!"

"वाकून वढा, मालक. सोयरे यायचेत."

उन्हं ओसरीवर आली तसं छतावर कमळ उमलायला लागलं, एकेक पाकळी, नखाएवढ्या पातळ कडेची. देशमुखांची मान मागं वळून दुखली, पण नजर हलली न्हाई.

"त्रिंबकला कशाला उगं तरास?" ते म्हणाले.

उरलेला गच घमेल्याला धरायला लागला होता. आसाराम खाली उतरला अन् घमेलं घासायला आडाकडं पळाला.