आज तोंडात काय?

डायलिसिसच्या खोलीत किस्से साचतात ते असे. हात सरळ ठेवून खाटेवर पडायचं. हातात सुया, त्यामुळे कूस बदलता येत नाही. पाणी मागता येत नाही. मोकळं काय, तर फक्त तोंड! मग तेच चालवायचं. त्यातही आमची तोंडं जेवायच्या कामाची राहिली नाहीत, बोलायच्याच कामाची उरली.

आम्ही अकोल्याची सकाळची बॅच. खाटा ठरलेल्या, माणसं ठरलेली. माझ्या डावीकडे अकोटच्या कमलमावशी, भाजी पिकवून बाजारात विकणाऱ्या. उजवीकडे तेल्हाऱ्याचे गुरुजी, रिटायर झालेले. मी सगळ्यात लहान. सातवी शिकलेली, एका पोरीची आई. माझी आई किडनीच्या याच दुखण्यानं गेली, मग ते मला लागलं. माझी ईश्वरी आता पहिलीत आहे. मी खाटेवर पडून कितीही हसत असले तरी डोक्यात एकच चालू असतं. तिला नको. बस, तिला नको.

बाकीचे लोक भेटले की "कसं काय" विचारतात. आमच्यात विचारतात, "आज तोंडात काय?"

*

मला पहिल्यांदा लोहाचं इंजेक्शन दिलं तो दिवस. औषध जातं नळीतून रक्तात आणि चव येते जिभेवर! तोंडात काही घातलेलं नसताना! मी घाबरून ओरडले, "सिस्टर, माह्या तोंडात काहीतरी आलं!"

"कसं लागतंय?"

"एसटीच्या खिडकीचा गज चाटल्यासारखं."

गुरुजींनी पेपर खाली केला. "तू चाटला होता काय गज?"

"लहानपणी. नांदगाव खंडेश्वरहून मामाच्या गावाला जाताना."

"मंग बरोबर हाये," कमलमावशी म्हणाल्या. "नाईतर नुसतं लोखंड म्हनलं असतं पोरीनं. एसटीचं हाये हे कसं समजलं असतं?"

*

गुरुजींच्या तोंडात मात्र मुतारी. हा त्यांचाच शब्द, माझा नाही. रक्तात घाण साचली की तोंडाला तशी चव येते, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं.

गुरुजी म्हणाले, "जलमभर पोट्ट्यायले शाळेच्या मुतारीपायी झोडपलं. आता ते मुतारी माह्याच तोंडात येऊन बसली!"

"मंग चूळ भरा ना," मावशी म्हणाल्या.

"पानी मोजून भेटते वं बाई. शाळेतबी मुतारी धुवाले पानी नसे, अन् इथंबी नाई!"

*

कमलमावशींची रीत अशी, की काकडी विकायच्या आधी देठाकडचा तुकडा मोडून चाखायचा. कडू निघाली तर बाजूला. त्यांच्या काकडीला अकोटच्या बाजारात म्हणूनच नाव. मशीन लागल्यावर त्यांनी चाखणं सोडलं नाही. सवयच ती. पण जिभेला सगळंच सारखं लागायचं. मग त्या चाखायच्या आणि डोळे मिटून टोपलीत टाकायच्या.

व्हायचं तेच झालं. पुढच्या बाजाराला एक बाई तणतणत आली. "काहो मावशी, काकडी कडू देल्ली तुमी! सारी कोशिंबीर फेकून द्या लागली!"

मावशींनी पैसे परत केले नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुले एक काकडीच कडू लागली ना माय? मले तर दूध कडू लागते, साखर कडू लागते. तू नशीबवान हायेस. जाय घरी!"

हे सांगताना त्या हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, "आता सून चाखते. माह्यासमोर चाखते, अन् मले इचारतबी नाई."

*

भाजीतलं पोटॅशियम आम्हाला बाधतं, म्हणून ती चिरून, उकळून, ते पाणी फेकून मगच खावी लागते. सासूबाईंना ते बघवत नाही. एकदा मी दुधीचं पाणी मोरीत ओतत होते, तर मला म्हणाल्या, "भाजीचा सारा जीव काढून घेते तू. आता काय चोथा खाशीन?"

मी म्हटलं, "माह्यासारखीच झाली ना मंग भाजी!"

सासूबाई आत निघून गेल्या. मलाही नंतर वाटलं, एवढं बोलायला नको होतं. पण त्या दिवशी तोंडात साबण होता. साबण असला की माझ्या तोंडून असंच निघतं.

*

संत्रं आम्हाला मना, त्यातही तेच पोटॅशियम. पण मशीन चालू झाल्या झाल्या थोडंसं काही खाल्लं तर ते ओढून काढतं, असं आमच्यात मानतात. सिस्टर तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते. गुरुजींच्या जावयानं अमरावतीहून संत्री पाठवली होती. गुरुजींनी एक खिशातून काढलं आणि एका हातानं सोललं. काय तो वास! सगळ्या खोलीच्या माना तिकडे वळल्या.

त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि लगेच रुमालात थुंकली. "घासलेट!"

उरलेल्या फोडी त्यांनी सिस्टरच्या हातून एकेकाला वाटल्या. कमलमावशी म्हणाल्या, "राख." मला साबण. पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "फवारनीचं औषध."

दाराजवळच्या खाटेवर एक नवीन भाऊ होता. त्यानं फोड चावली, रस गिळला आणि जरा लाजत म्हणाला, "मले तर संत्र्यासारखंच लागून राहिलं."

  मग गुरुजी म्हणाले, "नवीन हाये. लागंल त्यालेबी."

*

नात्यातल्या एका लग्नात वाढणाऱ्यानं माझ्या ताटात गुलाबजाम टाकला. यजमानीणबाई समोर उभ्या. न खाऊन कसं चालेल? एवढासा तोडून खाल्ला. चघळल्यावर वाटलं, धुण्याच्या साबणाची वडी पाकात भिजवलीय. तोंड वाकडं झालंच.

माझी चुलतसासू बाजूला बसली होती. म्हणाली, "गोड खाऊनबी इचं तोंड कडूच!"

पंगत हसली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण तिनं माझ्या मांडीवर बसलेल्या ईश्वरीची हनुवटी धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीले तपासून घेतलं काय वं? आईचं लेकीले येते म्हनतात. तुह्या आईचं तुले आलंच ना!"

उरलेला गुलाबजाम मी पूर्ण खाल्ला. चवच कळली नाही!

*

आमच्या खोलीत लहान मुलांना सोडत नाहीत. शाळेला सुट्टी असली की ईश्वरी आजीबरोबर येते, ती काचेच्या दारापर्यंतच. तिथून हात हलवते. माझा एक हात सुयांचा, दुसऱ्यानं मी हलवते. मग तिला ओढत घरी न्यावं लागतं.

गुरुजी गेले, त्या दिवशी मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, "माह्या बाजूची खाट रिकामी झाली." ईश्वरी तिथंच चित्रं रंगवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "मम्मी, वरन कडू लागून राहिलं."

सासूबाईंनी चाखलं. "गोड तर हाये." मीही चाखलं. माझ्या चाखण्याला काय अर्थ! संध्याकाळी दूध कडू. सकाळी बिस्किट कडू. माझं दुखणं सुरू झालं ते असंच. आधी वरण कडू लागलं, मग चहा.  नवरा म्हणाला, "ताप असंन, दोन दिवस पाहू." मी एक दिवससुद्धा थांबले नाही. तिला उचललं आणि लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं.

रक्त घेताना बाकीची पोरं किंचाळत होती. माझ्या पोरीनं हात आपणहून सरळ केला. वर मलाच विचारलं, "हलवाचा नाई ना?"

रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसले. "ताई, किडनी एकदम चांगली आहे. हिला काहीही झालेलं नाही."

मी खुर्चीतच रडायला लागले. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. आणि ईश्वरी माझ्याकडे बघून ओठ काढून मोठ्यानं रडायला लागली. डॉक्टरांना वाटलं, सुई दुखली. त्यांनी चॉकलेट पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

"अरे, तू तर चांगली आहेस बेटा. मग रडतेस कशाला?"

ती हुंदके देत म्हणाली, "मम्मीच्या बाजूची खाट खाली झाली होती ना. ते मले भेटली असती!"