झाकणामागचा भाऊ

वालीवच्या आमच्या वर्कशॉपमधले किस्से लाकडाच्या भुशासारखे कोपऱ्यात साचत जातात. झाडायला कुणी जात नाही.

त्या मंगळवारी मी चहा पीत हॉलंडला जाणाऱ्या पेटीचे कागद तपासत होतो. पितळी व्हॉल्व्ह भरून झाले होते, झाकण भिंतीला टेकून उभं होतं. ते ठोकणारा माझा मोठा भाऊ, नेस्टरदादा, अजून आला नव्हता. वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे खुर्चीतून उठतच नाहीत."

*

दादा पॅकर, मालाच्या लाकडी पेट्या भरून ठोकायचा. एकदा हॉलंडचा इंजिनिअर आला, दादाच्या हातची पेटी हलवून पाहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रूर!" म्हणजे भाऊ. तेव्हापासून दादा प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं भाऊ लिहायचा. हॉलंडला ब्रूर, जर्मनीला ब्रूडर, डेन्मार्कला ब्रोर. स्पेलिंग मी फोनवर शोधून द्यायचो.

"अरे, हे सगळे भाऊ एकाच घरातले दिसतात!" दादा म्हणाला.

शेठ म्हणाले, "नेस्टर, एक्स्पोर्ट करतोयस की राख्या पाठवतोयस?"

*

एकदा शब्दांची अदलाबदल झाली! जर्मन शब्द हॉलंडला गेला. इंजिनिअरचा मेल आला, "हा भाऊ शेजाऱ्यांचा आहे. तरी ठेवून घेतो."

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. स्पेलिंग मी दिलं होतं ना!

*

दादाची शवपेटी बंद करण्याआधी वहिनीनं त्याच्या हातातल्या रोझरीच्या माळेशेजारी खडूचा तुकडा ठेवला. "शर्टाच्या खिशात होता," ती म्हणाली. "त्यांचाच आहे."

*

हॉलंडची पेटी अजून उघडीच होती. अर्नाळ्याचे गोपाळकाका कित्येक वर्षं दादाच्या जोडीला पेट्या ठोकायचे. मी म्हणालो, "काका, तुम्ही लिहा."

"नाय रं बाबा. तो हात त्याचा. कोरंच जाऊं दे."

त्यांनी झाकण ओल्या फडक्यानं दोन्हीकडून पुसलं. वाळल्यावर त्या कोऱ्या झाकणाला खिळे मी ठोकले.

महिन्याभरानं हॉलंडहून फोटो आला. झाकणाची आतली बाजू. खडूनं लिहिलेलं ब्रूर, आणि त्याखाली पुन्हा ब्रूर. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली, दादा ओढायचा तशी.

गोपाळकाकांनी फोटो पाहिला. "पानी लावून पुसलं व्हतं मी," एवढंच म्हणाले आणि फोन परत दिला.

फोटोखाली इंजिनिअरनं लिहिलंय, "नेस्टरला नमस्कार सांग. या वेळी दोन भाऊ? दुसरा कोण?"

दादा गेल्याचं मी त्याला अजून कळवलेलं नाही.